लाकडी लेथसाठी चक घेताय? आधी वस्तू ठरवा, मग चक



लेथवरचे व्हिडिओ टाकायला लागल्यापासून एक प्रश्न सारखा येतो. "ताई, घरी छोटा लाकडी लेथ घेतलाय. आता चक कोणता घेऊ?" यावर माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. कारण मी उलट विचारते, "तुम्ही विकणार काय?"

लोकांना वाटतं, ताई विषय टाळतायत. पण खरंच सांगते, या एका प्रश्नाचं उत्तर न देता मी माझा पहिला चक घेतला होता आणि तो मला चांगलाच महागात पडला. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते. व्हिडिओत मापं भरभर निघून जातात, इथे निवांत वाचता येतील.

माझी चूक आधी ऐका

आमचं दुकान लाटणी-पोळपाटाचं. बाबांच्या काळापासून मागच्या खोलीत एक लेथ होता आणि त्यावर लाटणी, रवीचे दांडे, देव्हाऱ्याचे छोटे खांब असं काम चालायचं. बीबीए झाल्यावर मी दुकानात लक्ष घालायला लागले, तेव्हा एका हॉटेलवाल्याने ६० लाकडी वाडग्यांची ऑर्डर दिली. आंब्याचं लाकूड, सहा इंची वाडगा. मी आनंदाने ॲडव्हान्स घेतला.

वाडगा करायचा तर चक लागणार एवढं कळत होतं. जुन्या मशिनरीच्या बाजारात लोखंडकामाच्या लेथचा चार जॉचा एक दणकट चक स्वस्तात मिळाला. घरी आणला तर आमच्या लेथवर त्याचे आटे बसेनात. मग ओळखीच्या वर्कशॉपमधून मधली प्लेट बनवून घेतली. तिचे आटे थोडे सैल झाले. त्या चकचा प्रत्येक जॉ वेगवेगळा फिरवायचा, त्यामुळे प्रत्येक लाकूड मध्यावर आणायला दहा-बारा मिनिटं जायची. ६० वाडग्यांना १२ मिनिटं म्हणजे १२ तास, तेही फक्त लाकूड मध्यावर आणण्यात!

तरी रेटत होते. एका संध्याकाळी वाडगा आतून कोरताना पटाशी जरा अडकली आणि वाडगा चकातून निसटून थेट शटरवर आदळला. मी बाजूला उभी होते म्हणून वाचले. त्या दिवशी काम थांबवलं. ऑर्डर वेळेत गेली नाही, ॲडव्हान्स परत करावा लागला.

यात चक विकणाऱ्याची चूक नव्हती. त्याने लोखंडासाठीचा चक लोखंडासाठीचा म्हणूनच विकला. मी वस्तू, लेथ आणि चक या तिघांचं गणित जुळवलं नव्हतं. आज आपण तेच गणित जुळवायचं आहे.

पहिली पायरी: तुमच्या वस्तूला चक लागतो का?

लेथवर लाकूड दोन पद्धतीने धरता येतं. एक म्हणजे दोन्ही टोकांना. डावीकडे दातेरी सेंटर लाकडात रुततो आणि लाकूड फिरवतो, उजवीकडे टेलस्टॉकचा सेंटर दुसरं टोक सांभाळतो. दुसरी पद्धत म्हणजे एकाच बाजूने धरणं, म्हणजे दुसरी बाजू कोरायला मोकळी राहते. चकचं काम ही दुसरी पद्धत सोपी आणि जलद करणं, बस एवढंच.

आता तुमच्या वस्तूंची यादी काढा आणि तीन गटांत वाटा.

पहिला गट, लांबट भरीव वस्तू. लाटणं, रवीचा दांडा, पाळण्याचे खुंट, देव्हाऱ्याचे खांब, जिन्याच्या कठड्याचे दांडे. या सगळ्या दोन सेंटरमध्ये होतात. चकची गरज नाही. कोणी सांगितलं की लाटण्यासाठी चक घ्या, तर नमस्कार करून पुढे चला.

दुसरा गट, पोकळ वस्तू. वाडगा, कुंकवाचा करंडा, पेनस्टँड, मसाल्याची झाकणवाली डबी, लाकडी खलबत्ता. इथे आतून कोरायचं असतं, म्हणजे एक तोंड मोकळं हवं. या गटाला चकचा खरा उपयोग आहे.

तिसरा गट, छोट्या भरीव वस्तू. भोवरा, भातुकलीची भांडी, ड्रॉवरच्या मुठी, बुद्धिबळाच्या सोंगट्या. यांना एका बाजूने धरावं लागतं, पण महागडा चक लागेलच असं नाही. आपल्याकडे कातारी लोक हे काम पिढ्यान् पिढ्या करत आलेत. सावंतवाडीची चितारआळी लाकडी फळांसाठी आणि खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. कर्नाटकात बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरचं चन्नपटणा लाखेच्या रंगातल्या खेळण्यांसाठी ओळखलं जातं. अशा कामात लाकडाचं टोक निमुळतं करून पोकळ कप चकात ठोकून बसवण्याची पद्धत चालते. ना जॉ, ना चावी. एका लांब तुकड्यातून एकामागून एक चार भोवरे काढायचे आणि कापत जायचं. या पद्धतीचा वेग बघितला तर आपला महागडा चक लाजेल.

म्हणजे तुमची ८० टक्के विक्री पहिल्या गटातली असेल तर चकचे पैसे लाकडात आणि चांगल्या पटाश्यांमध्ये घाला. दुसरा गट करायचा असेल तर पुढे वाचा.

चक नसतानाही वाडगा होतो

नवीन माणसाने हे जरूर करून बघावं. लेथबरोबर बहुधा एक फेसप्लेट येते, म्हणजे भोकं असलेली लोखंडी गोल तबकडी. ती लाकडाला स्क्रूने घट्ट बसवायची. वाडग्याचं तोंड जिथे येणार त्या बाजूला ती लावून आधी बाहेरचा आकार काढायचा. मग तळाला एक टाकाऊ लाकडाचा गोल ठोकळा गोंदाने चिकटवायचा, फेसप्लेट त्या ठोकळ्यावर लावायची आणि आतून कोरायचं. शेवटी ठोकळा कापून टाकायचा.

पकड चांगली मिळते आणि खर्च जवळजवळ शून्य. अडचण वेळेची आहे. गोंद नीट वाळायला रात्र जाते, स्क्रू लावा-काढा, ठोकळे तयार करा. दोन-चार वाडग्यांना हे चालतं. पण अशा पद्धतीने दहा वाडगे करा आणि विकून बघा. विकले गेले तर चकचे पैसे वाडग्यांनीच कमावले असं समजा. नाही विकले गेले तर तुमचे पैसे वाचले. आधी गिऱ्हाईक, मग मशीन, हा धंद्याचा नियम इथेही लागू आहे.

दुसरी पायरी: कोणत्या प्रकारचा चक?

बाजारात साधारण तीन प्रकार समोर येतील.

तीन जॉचा, लोखंडकामाचा. चावी फिरवली की तिन्ही जॉ एकत्र सरकतात. गोल सळईसाठी उत्तम. पण जॉ अरुंद असतात, लाकडात तीनच ठिकाणी रुततात. जोर दिला तर लाकूड चेपतं, जोर कमी पडला तर निसटतं.

चार जॉचा, प्रत्येक जॉ स्वतंत्र. हाच माझा पहिला चक. वाकडेतिकडे लोखंडी भाग मध्यावर आणायला बनवलेला. लाकडासाठी हळू, जड, आणि फिरताना बाहेर आलेले जॉ हाताला लागण्याची भीती.

चार जॉचा स्क्रोल चक, लाकूडकामासाठी बनवलेला. आपल्याला हवा तो हा. आत एक चक्राकार आटे असलेली तबकडी असते, तिला स्क्रोल म्हणतात. चावी फिरवली की चारही जॉ एकसारखे आत किंवा बाहेर सरकतात, लाकूड आपोआप मध्यावर येतं. याचे जॉ गोलाईचे आणि रुंद असतात, म्हणून लाकडाला जवळजवळ पूर्ण वर्तुळात धरतात. शिवाय जॉ स्क्रूने बसवलेले असल्यामुळे कामाप्रमाणे बदलता येतात.

दुकानात विचारताना "फोर जॉ चक" एवढंच म्हणालात तर दुसरा प्रकार हातात पडू शकतो. "लाकडी लेथचा, सेल्फ सेंटरिंग स्क्रोल चक" असं पूर्ण म्हणा. परदेशी बनावटीत नोव्हा, व्हिकमार्क, वनवे, रेकॉर्ड पॉवर ही नावं तुम्हाला ऐकू येतील. त्याच नमुन्यावर बनलेले स्वस्त चकही बाजारात आहेत. नावापेक्षा पुढच्या तपासण्या महत्त्वाच्या.

तिसरी पायरी: आटे जुळले तरच पैसे द्या

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. चक लेथच्या स्पिंडलवर आट्यांनी बसतो आणि प्रत्येक लेथचे आटे सारखे नसतात.

नेहमी भेटणारी मापं लिहून ठेवा:

१ इंच, ८ आटे प्रति इंच. छोट्या आणि मध्यम लेथवर फार आढळतं.
१¼ इंच, ८ आटे प्रति इंच. मोठ्या लेथवर.
¾ इंच, १६ आटे प्रति इंच. काही जुन्या, लहान लेथवर.
एम ३३ × ३.५. म्हणजे ३३ मिमी व्यास आणि दोन आट्यांमध्ये ३.५ मिमी अंतर. युरोपीय धाटणीच्या लेथवर.

आपल्याकडे स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवलेले लेथही खूप असतात. त्यांचे आटे यातले कुठलेच नसतील हेही शक्य आहे. म्हणून अंदाज नको, मोजा.

मोजायचं कसं? व्हर्नियर कॅलिपरने आट्यांच्या बाहेरचा व्यास घ्या. १ इंच म्हणजे २५.४ मिमी. झिजलेल्या आट्यांवर माप किंचित कमी येईल. मग पट्टी आट्यांवर आडवी धरून एका इंचात किती आटे बसतात ते मोजा. पिच गेज असेल तर आणखी बरं. आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे लेथबरोबर आलेली फेसप्लेट पिशवीत घालून दुकानात न्या. ती ज्या मापाच्या स्पिंडलवर हलक्या हाताने पूर्ण फिरत जाते, ते तुमचं माप. ऑनलाइन मागवत असाल तर विक्रेत्याकडून आट्यांचं माप लेखी घ्या आणि परत करण्याची अट वाचा.

चक दोन प्रकारे बसतात. काहींना आटे थेट चकच्या अंगातच पाडलेले असतात. काहींना मधला अडॅप्टर असतो, तो चकात बसतो आणि आटे त्या अडॅप्टरला असतात. मी नव्या उद्योजकाला दुसरा प्रकार सुचवते. दोन वर्षांनी धंदा वाढला, मोठा लेथ घेतला, तर फक्त अडॅप्टर बदलायचा, चक तोच राहतो. मात्र एक अडॅप्टर, त्यावर दुसरा रिड्यूसर, अशी उतरंड रचू नका. चक स्पिंडलपासून जितका पुढे जाईल तितकी थरथर वाढते आणि बेअरिंगवर ताण येतो.

आणखी एक. आटे जुळले तरी चकची मागची सपाट बाजू स्पिंडलच्या खांद्याला टेकली पाहिजे. मध्ये फट राहत असेल तर चक फक्त आट्यांवर लोंबतो आणि डुगडुगतो. माझ्या पहिल्या चकची थरथर मुख्यतः यामुळेच होती, हे मला फार उशिरा कळलं.

चौथी पायरी: आकार आणि वजन

स्पिंडलच्या मध्यापासून खालच्या बेडपर्यंतची उंची मोजा आणि दुप्पट करा. तेवढ्या व्यासाचं लाकूड तुमच्या लेथवर फिरू शकतं. घरगुती लेथवर हे माप बहुधा १० ते १२ इंच निघतं. अशा लेथला साधारण ७५ ते १०० मिमी व्यासाचा चक पुरेसा आहे. मोठा चक घेऊन "भविष्यात कामाला येईल" म्हणू नका. चकचं वजन मोटरला प्रत्येक वेळी उचलावं लागतं. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, त्यावर जड चक आणि त्यावर ओलं लाकूड असलं की लेथ सुरू होतानाच कण्हतो.

पाचवी पायरी: जॉ वस्तूच्या मापाने निवडा

वाडगा चकात धरायचा तर त्याच्या तळाला एक छोटा गोल उंचवटा कोरून ठेवतात. त्याला टेनन म्हणतात. जॉ बाहेरून त्याला आवळतात. दुसरा मार्ग म्हणजे तळाला गोल खळगा करायचा आणि जॉ आतून फाकवून धरायचा. शिकताना टेननच करा. खळग्यात जोर जास्त झाला की कड फुटते आणि लाकूड चिरतं.

टेननचा व्यास वाडग्याच्या व्यासाच्या एक तृतीयांश ते दोन पंचमांश ठेवतात. म्हणजे १५० मिमीच्या वाडग्याला ५० ते ६० मिमी. २५० मिमीच्या मोठ्या वाडग्याला साधारण ८५ ते १०० मिमी. आता बघा, वस्तू ठरली की जॉ आपोआप ठरले. सहा इंची वाडगे आणि करंडे करणार असाल तर चकबरोबर येणारे ५० मिमीचे जॉ पुरेत. दहा इंची वाडगे विकायचे असतील तर १०० मिमीचे जॉ वेगळे घ्यावे लागतील, त्यांचा खर्च आजच धरा.

जॉ ज्या मापाला पूर्ण वर्तुळ करतात त्याच मापाच्या आसपास पकड सगळ्यात चांगली असते. त्याहून खूप मोठं लाकूड धरलं तर फक्त जॉचे कोपरे रुततात. टेननची उंची ६ ते ८ मिमी पुरते. टेनन चकच्या तळाला टेकू देऊ नका. टेननच्या बाजूचा सपाट खांदा जॉच्या तोंडावर टेकला पाहिजे, खरा आधार तिथे मिळतो. आणि बऱ्याच जॉना आतून तिरपा उतार असतो, तर टेननलाही तसाच उतार द्या. चौकोनी टेनन उताराच्या जॉत घातला तर पकड फक्त एका रेघेवर राहते.

चकबरोबर बहुधा मध्यभागी बसणारा जाड स्क्रूही येतो. लाकडाला भोक पाडून ते थेट त्या स्क्रूवर फिरवत बसवायचं, बाहेरचा आकार आणि टेनन काढायचा, मग उलटं करून जॉत धरायचं. याने फेसप्लेटचं काम वाचतं.

आता तळाच्या सफाईसाठीचे मोठे सपाट जॉ, छोट्या वस्तूंचे पिन जॉ, लांब नाकाचे जॉ असं बरंच काही मिळतं. पहिल्या सहा महिन्यांत यातलं काही घेऊ नका. तळाची सफाई करायला टाकाऊ लाकडात वाडग्याच्या तोंडाएवढी खाच कोरून वाडगा त्यात दाबून बसवता येतो. फक्त टेलस्टॉकचा आधार शेवटपर्यंत काढू नका.

दुकानात करायच्या तपासण्या

चक हातात घ्या आणि एवढं बघा.

चावी फिरवताना जॉ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखे सरकतात का? कुठे अडकतात, कुठे एकदम सैल होतात?

जॉच्या घसरपट्ट्यांवर १, २, ३, ४ आकडे कोरलेले आहेत का? त्या क्रमाने बसवल्या नाहीत तर चारही जॉ मध्यावर एकत्र येत नाहीत. "चक खराब निघाला" अशा बऱ्याच तक्रारींचं कारण हेच असतं.

जॉ बाहेर पडू नयेत म्हणून अडसर आहे का? नसेल तर जॉ किती बाहेर काढायचे याची मर्यादा स्वतः लक्षात ठेवावी लागेल.

चावी कशी आहे? एका हाताने फिरणारी टी आकाराची चावी असेल तर दुसऱ्या हाताने लाकूड धरता येतं. दोन सळयांनी आवळायचा चक स्वस्त असतो, पण दोन्ही हात त्यातच गुंततात. रोज २० वेळा लाकूड बदलणार असाल तर चावीचाच घ्या.

याच चकचे दुसरे जॉ, स्क्रू, अडॅप्टर सुटे मिळतात का? मिळत नसतील तर चक स्वस्त असूनही महाग आहे.

शक्य असेल तर लेथवर चढवून फिरवून बघा. जॉजवळ पेन्सिल स्थिर धरा. हाताने चक फिरवताना पेन्सिल चारही जॉना सारखी लागली तर ठीक. एकाच जॉला लागली तर आधी आकड्यांचा क्रम तपासा, मग विक्रेत्याशी बोला.

आता हिशोब मांडू

आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे तुम्ही टाका. समजा चक, अडॅप्टर आणि वाहतूक मिळून १२,००० रुपये लागले. ठोकळा-गोंद पद्धतीत एका वाडग्यामागे धरण्याच्या कामाला २० मिनिटं जातात आणि चकने ५. म्हणजे १५ मिनिटं वाचली. तुमच्या एका तासाची किंमत १५० रुपये धरू.

महिन्याला ४० वाडगे करत असाल तर १० तास वाचले, म्हणजे १,५०० रुपये. चक ८ महिन्यांत फिटला. महिन्याला १० वाडगे असतील तर अडीच तास वाचले, म्हणजे ३७५ रुपये. आता तोच चक फिटायला ३२ महिने लागतील. आणि फक्त लाटणी करत असाल तर? वाचलेला वेळ शून्य. तो चक कधीच फिटणार नाही, शोकेसमध्ये ठेवा.

यात एक बारीक गोष्ट आहे. वाचलेल्या तासांत तुम्ही विकली जाणारी वस्तू केलीत तरच ते १,५०० रुपये खरे. नुसता वेळ वाचला आणि मोबाइल बघण्यात गेला, तर हिशोब कागदावरच राहतो.

सरकारी मदतीबद्दलही विचारणा होते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात सुतार आहेत, पारंपरिक बाहुल्या-खेळणी बनवणारेही आहेत. अवजार संचासाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचरची तरतूद आहे आणि कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. पण त्यातून तुम्हाला हवा तोच चक मिळेल असं गृहीत धरून ऑर्डर घेऊ नका. आधी अटी वाचा, मग ठरवा.

चक चढवला, आता जीव सांभाळा

हा भाग सोडून पुढे जाऊ नका. फिरणारे जॉ डोळ्यांना धूसर दिसतात, हाताला मात्र लोखंडासारखेच लागतात.

चावी चकात ठेवून हात सोडायचा नाही. लाकूड आवळलं की चावी काढून खिशात नाहीतर भिंतीवरच्या खिळ्याला. बटण दाबायच्या आधी चक हाताने एक पूर्ण फेरी फिरवा, कुठे घासत नाही ना बघा.

ओढणी, पदर, सैल बाही, मोकळे केस, बांगड्या, हातमोजे, यातलं काहीही लेथजवळ नको. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या ताईंना मी ओढणी आधी बाजूला ठेवायला लावते, मगच स्विच दाखवते. चेहऱ्यावर पूर्ण शिल्ड लावा, नुसता चष्मा पुरत नाही.

वेग कमी ठेवून सुरुवात करा. एक ढोबळ हिशोब आहे: लाकडाचा व्यास इंचात आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान. म्हणजे आठ इंची वाडग्याला ७५० ते ११०० फेरे. पण लाकूड अजून ओबडधोबड असेल तर त्याहूनही हळू. सुरू करताना लाकडाच्या सरळ रेषेत उभं राहू नका, बाजूला राहा. मी शटरच्या त्या दिवशी बाजूला होते म्हणून आज हे लिहू शकते.

लेथ उलटा फिरवून घासकाम करत असाल तर चक स्पिंडलवरून आपोआप सुटू शकतो. त्यासाठी चकला बारीक लॉक स्क्रू आहे का बघा आणि तो आवळा. आणि लाकूड ओलं असेल तर वाळताना टेनन अंडाकृती होतो. अर्धवट वाडगा महिनाभर वाळत ठेवला असेल तर परत चढवण्याआधी टेनन पुन्हा गोल करा. लाकडात चीर दिसली, तर ते लाकूड चुलीला. चिरलेल्या लाकडाचा मोह करू नका.

या आठवड्यात एवढंच करा

एक कागद घ्या. पुढच्या तीन महिन्यांत तुम्ही नक्की विकणार अशा पाच वस्तू लिहा. प्रत्येकीपुढे गट लिहा आणि पोकळ वस्तू असेल तर तिचा व्यास लिहा. खाली स्पिंडलचा व्यास, आट्यांची संख्या, लेथवर फिरणारं सर्वांत मोठं माप आणि मोटरची हॉर्सपॉवर लिहा. हा कागद घेऊन दुकानात जा. विक्रेता तुम्हाला काय हवं ते विचारेल, तेव्हा कागद पुढे करा. बघा, तुमच्याशी बोलण्याची त्याची पद्धतच बदलते.

त्या हॉटेलवाल्याचं काय झालं, असं विचाराल. दीड वर्षाने मी योग्य चकवर केलेले चार वाडगे घेऊन परत त्याच्याकडे गेले. त्याने ते हातात फिरवून बघितले आणि १५ ची ऑर्डर दिली. या वेळी मी ॲडव्हान्स घेतला नाही. वाडगे दोन दिवस आधी पोचवले.

तुमचा कागद तयार झाला की त्याचं काय निघालं ते मला जरूर कळवा. पुढच्या व्हिडिओत आपण वाडग्याची किंमत कशी ठरवायची ते बघू. तोपर्यंत चावी खिशात आणि ओढणी खुंटीला!